कॉन्स्टंट सोडून द्या म्हणे!

"कॉन्स्टंट सोडून द्या हो" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात लाडकं वाक्य असावं. इंटरव्ह्यूच्या तयारीत पहिला धडा हाच. अल्गोरिदम 'ऑर्डर ऑफ एन' आहे ना? मग पुढे ३ आहे की ३०० आहे हे विचारणारा बावळट. गणितवाले तरी वेगळे असतील म्हणावं, तर त्यांच्या पेपरांत पहिल्या-दुसऱ्या पानावर हमखास एक वाक्य सापडतं: 'सी हा एक स्थिरांक असून तो ओळीगणिक बदलू शकतो.' ओळीगणिक बदलणाऱ्या गोष्टीला स्थिरांक म्हणायला जी हिंमत लागते, तिला आपला सलाम. :)

आजचा लेख या वाक्याच्या विरोधात आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की आकडा सोडून देणं ही कधीकधी सोय असते, पण बरेचदा ती समजून घ्यायचं टाळायची पळवाट असते. आणि हे पटवायला मी उदाहरण घेतोय हार्मोनिक अ‍ॅनालिसिसमधलं: सिंग्युलर इंटिग्रल ऑपरेटर आणि त्यांच्या शार्प असमानता. (सामाजिक नव्हे, गणिती. शांत व्हा.) नाव ऐकून टॅब बंद करू नका. बारावीच्या गणितावर बरंच अंतर कापता येतं. शनिवार आहे, चहा घ्या आणि बसा.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म आठवत असेल. सिग्नलमधल्या प्रत्येक फ्रिक्वेन्सीला ९० अंशांनी मागे ढकलायचं, बाकी काही नाही. कोसाईन घातला की साईन बाहेर येतो. सिंगल साईडबँड रेडिओचं गणित यावरच उभं आहे. मॅटलॅब आणि सायपाय या दोन्हींत याच नावाचं फंक्शन आहे (ते खरं तर मूळ सिग्नल आणि ट्रान्सफॉर्म मिळून होणारा कॉम्प्लेक्स सिग्नल परत देतं, पण ते असो). आम्हाला परीक्षेला एवढंच होतं. व्याख्या लिहा, दोन गुणधर्म लिहा, सहा मार्क घ्या, पुढचा प्रश्न.

हीच गोष्ट फ्रिक्वेन्सीऐवजी वेळेच्या भाषेत बघितली की मजा सुरू होते. एखाद्या क्षणी ट्रान्सफॉर्मची किंमत हवी असेल तर बाकी सगळ्या क्षणांच्या किमती घ्यायच्या, प्रत्येकीला त्या क्षणापासूनच्या अंतराने भागायचं, एका बाजूच्या मिळवायच्या, दुसऱ्या बाजूच्या वजा करायच्या, आणि शेवटी पायने भागायचं. पण अंतर शून्याकडे गेलं की भागाकार अनंताकडे जातो! मग हे जमतं कसं? तर डावीकडचा अनंत अधिक, उजवीकडचा अनंत उणे, आणि दोघं एकमेकांना खातात. 'सिंग्युलर' म्हणतात ते याला. सगळा डोलारा या कापाकापीवर उभा आहे. चिन्हं पुसून टाकली तर हातात काही उरत नाही.

आता प्रश्न. असा ऑपरेटर सिग्नलला जास्तीत जास्त किती फुगवू शकतो?

आधी 'किती' म्हणजे काय ते ठरवू. सिग्नलची प्रत्येक किंमत (चिन्ह सोडून) पी घातावर न्यायची, सगळ्यांची बेरीज करायची आणि शेवटी पी-वं मूळ काढायचं. पी = २ म्हणजे आपली ओळखीची ऊर्जा. पी वाढवत नेला की उंच शिखरांना वजन जास्त मिळतं. पी अनंताला नेला की फक्त सर्वोच्च शिखर मोजलं जातं.

पी = २ ला उत्तर बसल्या जागी मिळतं. नुसत्या फेज बदलल्यात, उंची कुणाचीच बदललेली नाही, म्हणजे ऊर्जा तेवढीच राहते. फुगवटा बरोबर १. दुसऱ्या टोकाला, नुसती शिखरं मोजायची ठरवली तर उत्तर अनंत. एक साधा चौकोनी पल्स घ्या, उंची १. त्याच्या ट्रान्सफॉर्मला दोन्ही कडांपाशी लॉगरिदमच्या चालीने अनंताकडे जाणारी शिंगं फुटतात. (सिंगल साईडबँडमध्ये ट्रान्समीटरच्या आधी आवाज कापून सपाट केला तरी बाहेर शिखरं पुन्हा उसळतात, त्यामागे हेच आहे.)

मधल्या पीचं काय? मार्सेल रीसने १९२७ मध्ये सिद्ध केलं, की १ आणि अनंत यांच्या मधल्या प्रत्येक पीसाठी फुगवटा मर्यादित आहे. फार मोठं काम. यातूनच पुढे सबंध विषय वाढला.

आणि इथेच 'सोडून द्या' पार्टी टाळ्या वाजवून उठते. मर्यादित आहे ना? झालं तर! नेमका किती, ते बघतील कारकून.

बरं, बघूया कारकुनी काय असते ती. मूळ सिग्नल आणि त्याचा ट्रान्सफॉर्म यांच्यात एक सुंदर नातं आहे: ट्रान्सफॉर्मचा वर्ग = मूळ सिग्नलचा वर्ग + २ × (दोघांच्या गुणाकाराचा ट्रान्सफॉर्म). याच्या दोन्ही बाजू पी = २ च्या मापाने मोजा. वर्गाला २ च्या मापाने मोजणं म्हणजे मूळ वस्तूला ४ च्या मापाने मोजणं. उजवीकडे शेवटी पुन्हा एक ट्रान्सफॉर्म आहे, पण २ च्या मापाला त्याचा फुगवटा १ असतो हे आपल्याला ठाऊक आहे. पी = ४ साठीच्या फुगवट्याला आर म्हणा. हाती काय येतं? आरचा वर्ग हा १ + २आर पेक्षा मोठा असू शकत नाही. दहावीचं वर्गसमीकरण! सोडवा: आर जास्तीत जास्त १ + √२, म्हणजे २.४१४.

हेच पुन्हा करा, ४ वरून ८ वर जा, ५.०२७ मिळतं. मग १६, मग ३२. आता बारावीचं त्रिकोणमितीचं पुस्तक काढा. अर्ध्या कोनाच्या कॉटचं सूत्र आणि आपण वापरली ती पायरी ही एकच गोष्ट आहे. १ म्हणजे कॉट ४५ अंश. २.४१४ म्हणजे कॉट २२.५ अंश. ५.०२७ म्हणजे कॉट ११.२५ अंश. सूत्र डोळ्यासमोर नाचायला लागतं: ९० अंश भागिले पी, आणि त्याचा कॉट. १९६८ मध्ये गोहबर्ग आणि क्रुप्निक यांनी २, ४, ८, १६ या साखळीसाठी हे पक्कं केलं, आणि मर्यादा याच्या खाली ओढता येणार नाही हेही दाखवलं.

शार्प म्हणजे हेच. दोन अर्धे असतात. पहिला: कुठलाही सिग्नल आणा, यापेक्षा जास्त फुगणार नाही. दुसरा: हे घ्या असे सिग्नल जे या मर्यादेच्या हवं तितकं जवळ जातात. आमच्या भाषेत, एसएलए आणि तो एसएलए टोकापर्यंत ताणणारी टेस्ट केस, दोन्ही हातात. दोन आकडे जुळले की वाद संपला. एकच हातात असेल तर तुमच्याकडे फक्त 'बहुधा ठीक आहे' असतं.

पण पी = ३ चं काय? तो साखळीत नाही. २ आणि ४ च्या मधल्या पीसाठी 'इंटरपोलेशन' नावाचं तयार यंत्र आहे. त्यात घातलं की मर्यादा साधारण १.८० येते. कॉटचं सूत्र म्हणतं √३, म्हणजे १.७३. फरक चार टक्के.

आता मला मनापासून सांगा, तुमच्यातले किती जण या चार टक्क्यांसाठी बसले असते? स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये हे तिकीट कुणी उचललं असतं? 'लो प्रायॉरिटी, वोन्ट फिक्स'.

स्टिलियानोस पिखोरिडिस हा ग्रीक गणिती बसला. १९७२ मध्ये त्याने १ आणि अनंत यांमधल्या प्रत्येक पीसाठी नेमका आकडा सिद्ध केला (२ च्या खाली कॉटच्या जागी टॅन येतो). आणि त्याची सिद्धता बघितली की चार टक्क्यांत काय लपलं होतं ते कळतं. मुख्य पायरीत तिथे ना सिग्नल उरतो ना इंटिग्रल. सगळं येऊन ठेपतं दोन साध्या संख्यांमधल्या एका असमानतेवर, जी कॅल्क्युलस येणारा कुठलाही पोरगा तपासू शकतो. शिवाय कॉट का येतो तेही उलगडतं: जे सिग्नल सर्वात जास्त फुगतात, त्यांच्यात मूळ किंमत आणि ट्रान्सफॉर्म यांचं गुणोत्तर जवळपास सगळीकडे सारखंच असतं, म्हणजे दोघं मिळून एका ठराविक कोनाच्या कडांवरून चालतात. कॉट त्या कोनाचा. इंटरपोलेशनच्या यंत्राला हा कोन दिसतच नाही. ते फक्त दोन टोकांमध्ये दोरी ताणतं. म्हणजे ते चार टक्के हिशेबातली गळती नव्हतीच. ते यंत्राच्या आंधळेपणाचं माप होतं.

पी = १ ला तर आणखी गंमत. तिथे नेहमीची असमानता मोडतेच, पण एक दुबळं रूप टिकतं, जे कोल्मोगोरोव्हने १९२५ मध्ये सिद्ध केलं. त्यातला नेमका स्थिरांक बर्जेस डेव्हिसने १९७४ मध्ये काढला. वर १ + १/९ + १/२५ + ..., खाली १ − १/९ + १/२५ − ..., आणि भागाकार सुमारे १.३४७. हा आकडा अंदाजाने कुणी सांगून दाखवावा! तो आला ब्राऊनियन मोशनमधून, म्हणजे दारुड्यासारख्या झोकांड्या खाणाऱ्या कणाच्या गणितातून. 'मर्यादित आहे, पुरे' म्हणून थांबलेल्या माणसाला हे दार दिसलंच नसतं.

आता समोरच्या पार्टीची बाजू, आणि ती मी जोरातच मांडतो. ते म्हणतील: 'बाबा रे, हे सगळं छान आहे, पण अर्ध्याहून जास्त अ‍ॅनालिसिस ओळीगणिक बदलणाऱ्या सीवरच चालतं, आणि उत्तम चालतं. समीकरणाला उत्तर आहे की नाही एवढंच हवं असेल तर ५ आणि ५०० यात फरक काय? प्रत्येक ओळीत आकडा सांभाळत बसलो तर मूळ कल्पना कधी सुचणार?'

मान्य. शंभर टक्के मान्य. पहिल्या फेरीत आकडा बाजूला ठेवणं शहाणपणाचंच आहे. माझं भांडण पहिल्या फेरीशी नाही. दुसरी फेरी मारणाऱ्याला वेड्यात काढण्याशी आहे. आणि 'आहे की नाही एवढंच हवं' हे वाक्य तर मला फारच आवडतं, कारण कधीकधी 'आहे की नाही' हे आकडाच ठरवतो.

रबराचा एक पत्रा ताणतोय असं समजा. बारीक वर्तुळांची लंबवर्तुळं होतात, पण ठराविक मर्यादेपेक्षा जास्त चपटी होत नाहीत. ही मर्यादा के नावाच्या एका संख्येने मोजतात, ० आणि १ यांच्या मधली. याचं समीकरण बेल्ट्रामीच्या नावाचं. समजा हाती आलेलं उत्तर भिकार दर्जाचं आहे, कुठे फाटलेलं आहे की नाही तेही ठाऊक नाही. त्याची प्रतवारी एका घाताने करता येते. घात १ + के च्या वर असेल तर उत्तर आपोआप गुळगुळीत, सुसंगत निघतं. हे कारी अस्तालाच्या १९९४ मधल्या कामातून आलं. खाली असेल तर मोडकी उदाहरणं देता येतात. आणि घात बरोबर १ + के असेल तर? ऐन उंबरठ्यावर?

अस्ताला, इव्हानिएत्स आणि साक्समन यांनी २००१ मध्ये दाखवलं, की हा प्रश्न एका सिंग्युलर इंटिग्रलवर येऊन थांबतो. त्याचं नाव बर्लिंग-आल्फोर्स ऑपरेटर, हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मचा प्रतलातला भाऊबंद. त्याला जागोजागी वेगवेगळं वजन देऊन मोजायचं. वजन जितकं वेडंवाकडं, तितका फुगवटा जास्त. पण किती जास्त? वेडेवाकडेपणाच्या पहिल्या घाताने वाढत असेल, तर उंबरठ्यावर उत्तर 'होय'. त्याहून वेगाने वाढत असेल, तर हा रस्ता बंद. 'मर्यादित आहे' हे सगळ्यांना कधीपासूनच माहीत होतं, आणि त्याचा इथे काडीचा उपयोग नव्हता! स्टेफनी पेटरमिखल आणि अलेक्झांडर व्होल्बर्ग यांनी २००२ मध्ये सिद्ध केलं: पहिला घात. म्हणजे उंबरठ्यावरही 'होय'. पुढे पेटरमिखलने २००७ मध्ये हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मसाठी, आणि तुओमास ह्युतोनेनने २०१२ मध्ये या जातीच्या सगळ्याच ऑपरेटरांसाठी तेच दाखवलं.

आता सांगा, कारकुनी होती का ही?

आमच्या लोकांसाठी सर्वात जवळचं प्रकरण तर वेगळंच आहे. डोनाल्ड बर्कहोल्डरने १९८४ मध्ये एक जुगार सोडवला. नाणं खरं आहे. तुम्ही पैसे लावता, आणि शेजारी बसलेला मित्र दर डावाला तेवढेच पैसे तुमच्या बाजूने किंवा तुमच्या विरुद्ध लावतो. बाजू नाणं उडवण्याआधी ठरवायची. शेवटचे दोघांचे हिशेब पीच्या मापाने मोजले, तर मित्राचा हिशेब तुमच्या किती पट होऊ शकतो? नेमकं उत्तर: पी २ किंवा जास्त असेल तर पी − १ पट. बर्कहोल्डरची युक्ती अशी, की आत्ताच्या परिस्थितीतून पुढे वाईटात वाईट काय होऊ शकतं हे सांगणारं एक फंक्शन शोधायचं, जे दर डावाला आपल्या अटी पाळतं. ओळखीचं वाटतं का? वाटायलाच हवं. हे डायनॅमिक प्रोग्रॅमिंग आहे! नाझारोव्ह, ट्राईल आणि व्होल्बर्ग यांनी १९९० च्या दशकात या पद्धतीची शिस्तच बसवली, आणि तिला नाव मिळालं बेलमन फंक्शन. तेच रिचर्ड बेलमन, ज्यांच्या नावाने आपण लीटकोडवर रात्री जागवतो. म्हणजे ज्या हत्याराने आपण फक्त पॅकेज वाढवतो, त्याच हत्याराने ही मंडळी अनंत मितीतल्या असमानता फोडतात.

याच जुगाराच्या जोरावर बर्लिंग-आल्फोर्स ऑपरेटरच्या नेमक्या फुगवट्यावर चढाई चालू आहे. ताडेउश इव्हानिएत्सने १९८२ मध्ये अटकळ मांडली, की तोही आकडा पी − १ च असावा (पी २ पेक्षा कमी असेल तर जोडीदार घात घेऊन तेच). खालची बाजू माहीत आहे, वरची नाही. १९९५ मध्ये चौपट सिद्ध झालं, २००३ मध्ये दुप्पट, २००८ मध्ये १.५७५ पट. एक पट अजून बाकी आहे. चाळीस वर्षांहून जास्त काळ चाललेला हा प्रवास म्हणजे दशांशस्थळं घासणं नव्हे. प्रत्येक टप्प्याला नवी कल्पना लागली आहे, आणि शेवटच्या टप्प्याची कल्पना अजून कुणाकडेच नाही.

'पण याचा यूज काय?' आला, आला तो प्रश्न! उत्तर द्यायचंच तर देता येतं. बेल्ट्रामीच्या याच समीकरणाच्या आधाराने अस्ताला आणि पायव्हारिंता यांनी २००६ मध्ये सिद्ध केलं, की प्रतलातल्या वस्तूच्या कडेवरून विजेची मापं घेतली तर आतली वाहकता पूर्णपणे ठरते, मग ती कितीही खडबडीत असो. छातीवर इलेक्ट्रोड लावून फुप्फुसं बघण्याच्या तंत्रामागचा गणिती प्रश्न हाच. आणखी एक घ्या. आपण कोड चालवतो तो सलग सिग्नलवर नाही, सुट्या नमुन्यांवर. मग सुट्या हिल्बर्ट ट्रान्सफॉर्मचा फुगवटा तेवढाच का? टिचमार्शने १९२६ मध्ये तसं सिद्ध केल्याचं लिहिलं, पण सिद्धतेत खोट निघाली. बॅन्युएलोस आणि क्वाश्नित्स्की यांनी २०१९ मध्ये ते खरोखर सिद्ध केलं, तेही प्रॉबॅबिलिटी वापरून. त्र्याण्णव वर्षं!

पण माझी केस मी यूजवर लढवणार नाही, कारण तो प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. त्याला थांबायला परवानगी हवी असते. मी एका प्रोजेक्टवर बघितलंय: सिस्टिम मंदावली, तीन सर्व्हर वाढवले, आलेख खाली आला, मेल गेला, 'इश्यू रिझॉल्व्ह्ड'. नेमके किती सर्व्हर लागायला हवेत हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारला, तर 'चाललंय ना आता?' असं उत्तर मिळालं. चाललंय. पण का चाललंय ते कुणाला माहीत नाही, म्हणजे कधी थांबेल तेही कुणाला माहीत नाही. वरची मर्यादा अंदाजाने, टेस्ट केस एकही नाही. आणि क्लाऊडचं बिल? तो तर कॉन्स्टंटच, सोडून द्या...

चार वर्षं इंजिनीअरिंग करून आपण काय शिकलो याचा मी कधीकधी विचार करतो. ट्रान्सफॉर्मचे तक्ते पाठ केले, गुणधर्म पाठ केले. 'हे जास्तीत जास्त किती, आणि ते जास्तीत जास्त कधी गाठलं जातं?' हा प्रश्न आठ सेमिस्टरांत एकाही पेपरात आला नाही. खरं तर इंजिनीअरने विचारायचा हाच प्रश्न आहे. पूल किती वजन पेलेल, याचं उत्तर 'मर्यादित' असं दिलेलं चालेल का तुम्हाला? त्या पुलावरून जाल?

शार्प असमानता सिद्ध करणारे लोक आपल्यापेक्षा हुशार असतील, नसतील, मला त्यात पडायचं नाही. त्यांची एक सवय मात्र आपण उचलावी अशी आहे. ते 'काम झालं' आणि 'कळलं' यात फरक करतात. काम १९२७ लाच झालं होतं. कळायला १९७२ उजाडावं लागलं. त्या पंचेचाळीस वर्षांच्या अंतराला जे 'सोडून द्या' म्हणतात, त्यांच्याशी माझं जमणार नाही.

असो. वर्गसमीकरणाची ती पायरी मात्र कागद घेऊन स्वतः करून बघा. १ वरून २.४१४, तिथून ५.०२७. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कॅल्क्युलेटर चालेल.